नाव छापा, मग प्रेरणेचं बोलू

दिवाळी अंक बाजारात आले की गेली दोन-तीन वर्षं एक वाद हटकून पेटतो. मुखपृष्ठ माणसानं काढलंय की यंत्रानं, म्हणजे एआयनं? कुणीतरी पणती धरलेल्या हाताची सहा बोटं मोजून दाखवतं आणि लगेच दोन फळ्या पडतात. एक म्हणते, यंत्राला प्रेरणा नसते, त्याला मातीचा गंध नसतो. दुसरी म्हणते, तुमचे चित्रकार तरी कुठे मातीत बसलेत? पिंटरेस्ट उघडून परदेशी चित्रांची नक्कलच करतात, यंत्र तेच लवकर करतं. मी बर्लिनमध्ये राहते आणि पुस्तकांची चित्रं काढून पोट भरते, म्हणून दोन्हीकडचे लोक मला साक्षीला बोलावतात. ‘तिकडे कसं असतं गं?’ सांगते. पण माझी साक्ष कुणाच्याच फारशी कामाची नाही, कारण मला हा वादच चुकीच्या जागी चाललेला दिसतो.

प्रेरणेचं आधी उरकते. पुस्तकाचं चित्र काढणाऱ्याला प्रेरणा येते ती बहुतेक वेळा अडचणीच्या रूपात. बत्तीस पानांचं पुस्तक, मजकूर ठरलेला. त्यातलं जे शब्दांनी सांगून झालंय ते पुन्हा काढायचं नाही. आजीचा चेहरा पानांच्या मधल्या घडीत जाता कामा नये. मजकुराला जागा ठेवायची, पण ती रिकामी सोडल्यासारखी दिसायला नको. आधी आगपेटीएवढ्या चौकटींत सगळं पुस्तक मांडून बघायचं, मग कच्ची चित्रं, मग संपादकबाईंचे शेरे, मग पुन्हा कच्ची चित्रं. बसस्टॉपवर बाई मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरते की एकाच, हे बघून ठेवलेलं मला कुठल्याही संग्रहालयापेक्षा जास्त वेळा उपयोगी पडलंय. यात दैवी काही नाही. वेळ मात्र लागतो, आणि तो कुणाच्या खर्चानं लागतो हा खरा प्रश्न आहे.

घरच्या वादात दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांची नावं देवघरातल्या तसबिरींसारखी काढली जातात. केवढी साधना, केवढी तपश्चर्या! साधना होतीच, पण ते धंद्यात मुरलेले लोक होते हे कुणी बोलत नाही. दलालांनी १९४५ साली स्वतःचा ‘दीपावली’ अंक काढला. मुळगावकर कॅलेंडरांपासून बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांच्या मुखपृष्ठांपर्यंत सगळं करत होते. मुदत, छपाई, गिऱ्हाईक यांच्याशी त्यांचा रोजचा संबंध होता. वसंत सरवटे याच्या अगदी उलट टोकाला. ते पेशानं इंजिनिअर, सिमेंट कंपनीतली पक्की नोकरी. ‘ललित’ मासिकातल्या जयवंत दळवींच्या सदरातला ठणठणपाळ असो की पुलंच्या पुस्तकांतली माणसं, त्या रेषेत जो निवांत खट्याळपणा आहे त्याच्यामागे महिन्याच्या महिन्याला येणारा पगार आहे, असं मला नेहमी वाटतं. शि. द. फडणीसांनी मुखपृष्ठांवर एका शब्दाविना हसवलं, आणि शाळेच्या गणिताच्या पुस्तकातही त्याच रेषेनं चित्रं काढली. कामाची उतरंड त्यांनी मानली नाही.

म्हणजे मराठीत चित्रकाराला जगण्याचे दोन रस्ते होते: स्वतःचा धंदा उभा करायचा, नाहीतर दुसरीकडे नोकरी करून रात्री काढायचं. आजही तेच दोन आहेत. जर्मनीत मला तिसरा सापडला. तो इतका रूक्ष आहे की कुठल्याही परिसंवादात त्यावर टाळी पडणार नाही.

१९८३ पासून इथे स्वतंत्र कलाकारांसाठी एक सामाजिक विमा आहे, क्यून्स्टलरझोत्सियालकासे. आरोग्य, शुश्रूषा आणि निवृत्तिवेतन या तिन्हींचा हप्ता मी निम्माच भरते. उरलेल्या अर्ध्यात थोडा वाटा केंद्र सरकारचा आणि मोठा वाटा आमच्यासारख्यांकडून काम करून घेणाऱ्या कंपन्यांचा. प्रकाशकानं मला मानधन दिलं की त्यावर त्याला ठरावीक टक्के रक्कम त्या विम्यात भरावी लागते. २०२५ साली ती ५ टक्के होती. दुसरी संस्था बॉनची फेअगे बिल्ड-कुन्स्ट, १९६८ सालची. ग्रंथालयातून पुस्तकं वाचायला जातात, पानांच्या झेरॉक्स निघतात, त्यापोटी जमा होणारा पैसा ती चित्रकारांत वाटते. रक्कम बेताचीच असते. पण जुन्या पुस्तकाचे चार पैसे वर्षाकाठी न मागता खात्यावर येतात, याची मला अजून सवय झालेली नाही. आणि १९६५ च्या इथल्या कायद्यानुसार चित्रकाराचा मूळ हक्क विकताच येत नाही. प्रकाशकाला मिळते ती वापरण्याची परवानगी. चित्राबरोबर नाव हवं की नको, हेही चित्रकार ठरवतो.

या सगळ्याचा चित्राशी काय संबंध? दात दुखला तरी मी घाबरत नाही, म्हणून एखादं काम नाकारू शकते. नाकारलं की हातातलं काम पुन्हा काढायला वेळ मिळतो. माझं बरं चित्र बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या खेपेचं असतं.

आता स्वर्ग रंगवायच्या आधी थांबते. चित्रपुस्तकासाठी इथेही काही हजार युरो आगाऊ मिळतात आणि काम अर्धं वर्ष खातं. हिशेब जुळत नाही, म्हणून ओळखीतला जवळजवळ प्रत्येकजण शाळांत कार्यशाळा घेतो किंवा कुठेतरी शिकवतो. यंत्रापासूनही कुणी वाचवलेलं नाही. आपला फोटो यंत्राच्या शिकवणीसाठीच्या संचात घेतला म्हणून एक छायाचित्रकार हॅम्बुर्गच्या न्यायालयात गेला. २०२४ च्या सप्टेंबरात निकाल त्याच्या विरोधात लागला, संशोधनासाठी अशी मुभा आहे म्हणून.

मातीच्या गंधाचंही इथे एक विनोदी रूप भेटतं. माझं आडनाव वाचून काही संपादकांना ताबडतोब हत्ती हवा असतो. एकानं ‘तुमच्याकडची ती पांढरी काठीमाणसं’ मागितली. वारली चित्रं त्याला म्हणायची होती. मी शहरात वाढले. भिंतीवर तांदळाच्या पिठानं लग्नाचा चौक लिहिणाऱ्या बायकांची ती भाषा, माझी नव्हे. चित्रं दाखवत गोष्ट सांगणारी पिंगुळीची चित्रकथी, तीही माझी नव्हे. मी सांगितलं की या शैलीत हवं असेल तर त्या समाजातला चित्रकार शोधा आणि त्याचं नाव पुस्तकावर घाला. चेन्नईचं तारा बुक्स हे प्रकाशन गोंड आदिवासी चित्रकारांच्या बाबतीत तेच करत आलंय आणि त्यांची पुस्तकं जगभर जातात. मग गंमत अशी की इथला संपादक माझ्याकडे जो अस्सलपणा मागतो, तोच पुण्या-मुंबईतली एक फळीही मागते. दोघांनाही चित्रकाराच्या डोळ्यांपेक्षा त्याचा दाखला महत्त्वाचा वाटतो.

हेवा वाटावा अशी एकच जागा सांगायची तर ती क्युपफरश्टिखकाबिनेट, बर्लिनचा रेखाटनं आणि मुद्राचित्रांचा संग्रह. तिथल्या अभ्यासिकेत ओळखपत्र दाखवून मूळ चित्र मागता येतं. बोत्तिचेल्ली या इटलीच्या थोर चित्रकारानं दान्ते या कवीच्या काव्यासाठी काढलेल्या चित्रांचा मोठा भाग या संग्रहात आहे. म्हणजे तोही पुस्तकाची चित्रं काढणाराच! पण माझा माणूस आडोल्फ मेन्झेल, एकोणिसाव्या शतकातला बर्लिनचा चित्रकार. विशी-पंचविशीत त्यानं प्रशियाच्या फ्रेडरिक राजाच्या चरित्रासाठी सुमारे ४०० चित्रं काढली. ती लाकडावर कोरून छापायची होती. पॅरिसच्या कोरक्यांचं काम पसंत पडेना, तेव्हा त्यानं बर्लिनचे कोरके आपल्या रेषेला तयार करून घेतले. कोटाला स्केचबुकांसाठी खिसे, आणि दिसेल ते काढायचं. त्याचं एक रेखाटन आहे, विस्कटलेल्या अंथरुणाचं. बाकी काही नाही, उशा आणि चुरगळलेली दुलई. मुलांच्या पुस्तकात कापडाच्या घड्या अडल्या की मी त्या अंथरुणाकडे जाते. छापलेल्या प्रतीत न दिसणारी गोष्ट मूळ कागदावर दिसते, ती म्हणजे हात कुठे थांबला आणि कुठे बेधडक गेला.

मराठी चित्रकारांचे मूळ कागद कुठे आहेत? दलालांच्या बाबतीत कुटुंबीयांनी आणि चाहत्यांनी जपणूक केली. पण चित्र ब्लॉकमेकरकडे, म्हणजे छपाईचा ठसा करणाऱ्याकडे, गेलं ते परत आलंच नाही, ही त्या पिढीची तक्रार जुनीच. आज जे. जे.त शिकणाऱ्या मुलीला सरवट्यांचं किंवा बाळ ठाकुरांचं मूळ रेखाटन हातभर अंतरावरून बघायचं असेल तर ओळखीपाळखी काढाव्या लागतात. ती पिंटरेस्टवर जाते म्हणून तिच्यावर रागावणारी फळी मला म्हणूनच ढोंगी वाटते. तिच्यासमोर दुसरं ठेवलंय काय?

मात्र एक गोष्ट घरी आहे आणि इथे नाही, आणि तिच्याबद्दल वादात कुणी चकार शब्द काढत नाही. मोठ्यांच्या साहित्याला चित्र. जर्मनीत चित्रकाराला मुलांच्या खोलीत बसवलंय. मोठ्यांची कादंबरी उघडा, आत रेघ नाही. १९२४ पासून चालत आलेल्या ब्यूशरगिल्डे गुटेनबेर्गसारख्या वाचकांच्या संस्था सचित्र कथा-कादंबऱ्या काढतात, पण ते अपवाद. मराठीत ‘मनोरंजन’नं १९०९ साली दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही परंपरा आहे, आणि आजही चांगल्या अंकात कथेला चित्र असतं, कवितेला रेखाटन असतं. मध्यमवयीन माणसाच्या एकटेपणावरची कथा, तिच्यासाठी एका चित्रकारानं विचार केलेला आहे, आणि ते पान साठीतला वाचक जेवण झाल्यावर आरामात बघतो. इथल्या मैत्रिणींना मी हे अंक दाखवते तेव्हा त्यांचा विश्वास बसत नाही की मोठी माणसं हे विकत घेतात. इटलीतल्या बोलोन्याच्या बालपुस्तक जत्रेत भिंतभर आपली पोस्टरं चिकटवणाऱ्या शेकडो चित्रकारांपैकी कितीतरी जण अशा कामासाठी जीव टाकतील. यंत्राचा घाव पहिल्यांदा पडतोय तो मुखपृष्ठापेक्षा या आतल्या पानांवर. तिथे कुणी बोटं मोजत नाही.

अंक काढणाऱ्यांची बाजू मला माहीत आहे. जाहिराती आटल्यात, कागद महागलाय, पुस्तकाची आवृत्ती हजार प्रतींची निघाली तरी पुष्कळ. जर्मनीसारखी ग्रंथालयांची रॉयल्टी महाराष्ट्रात आणा, असं मी म्हणणार नाही. १९६७ च्या कायद्याखाली चालणारी आपली हजारो ग्रंथालयं तुटपुंज्या अनुदानावर उभी आहेत आणि तिथल्या सेवकांनाच धड पगार नाही. त्यांच्याकडून चित्रकारासाठी पैसा मागायचा, हे मला बोलवत नाही.

पण फुकटात करता येण्यासारखं पुष्कळ आहे. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ सांगतं की हक्क देऊन टाकले तरी कृती माझी आहे असं म्हणण्याचा आणि तिची मोडतोड थांबवण्याचा अधिकार निर्मात्याकडे राहतो. याच कलमाच्या जोरावर अमरनाथ सेहगल यांनी विज्ञान भवनातल्या आपल्या भित्तिशिल्पासाठी सरकारला न्यायालयात खेचलं, आणि २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयानं शिल्पाचे अवशेष परत करून भरपाईही द्यायला लावली. कलम १९ म्हणतं, हक्क लिहून देताना मुदत घातली नसेल तर ती पाच वर्षं धरायची. आणि कलम १७ मध्ये खाच आहे: पैसे देऊन काढून घेतलेलं पेंटिंग, उलटा करार नसेल तर, काढवून घेणाऱ्याच्या मालकीचं होऊ शकतं. म्हणून चार ओळी लिहिलेल्या हव्यात. आमच्यात हे कुणी लिहीत नाही. सगळं फोनवर, ‘आपलं घरचंच आहे’ या चालीवर.

पुण्यातली एक चित्रकार मैत्रीण मला म्हणाली, “अगं, तुला विमा आहे म्हणून तू कायदा शिकवतेस. मी कलम काढलं तर पुढच्या वर्षी फोनच येणार नाही.” तिचं खरं आहे. एकटीनं लिहायचं काम नाही हे. दहा-पंधरा जणींनी एकच मसुदा सगळ्यांना पाठवला तर तो कुणा एकीचा हट्ट राहत नाही. जर्मनीतल्या चित्रकारांनी २००२ साली आपली संघटना काढली. त्याआधी इथलेही एकेकटेच फोनवर बोलत होते.

वाचकांनाही थोडं काम देता येईल. दिवाळी अंकांची परीक्षणं वाचा, कथालेखकांची सगळी नावं येतात आणि चित्रांबद्दल ‘सजावट सुरेख’ एवढंच. कुणाची सजावट? ज्या पानावर माणसाचं नाव कधी छापलंच नाही, तिथे यंत्र येऊन बसलं तर फरक कळणार कसा?

सध्या एका मराठी प्रकाशकासाठी मी पुस्तक करते आहे. त्यांना चार ओळींचा मसुदा पाठवला. मुखपृष्ठावर नाव लगेच कबूल झालं, मुदत पाच वर्षं तीही झाली. दुसऱ्या आवृत्तीच्या मानधनापुढे मात्र उत्तर आलंय, ‘ती निघू दे तर खरी.’ मी ती ओळ अजून खोडलेली नाही.