बाळ थाळीच्या आवाजाला दचकलं, म्हणून त्याचे कान चांगले आहेत असं ठरत नाही

‘बहिरेपणावर घरगुती रामबाण, कानाचे डॉक्टर हे कधीच सांगणार नाहीत’ अशा मथळ्याचा लांबलचक मेसेज तुमच्याही फॅमिली ग्रुपवर येऊन गेला असेल. त्यात पाच गोष्टी ठासून सांगितल्या आहेत. एक, कानाची नस कोरडी पडली की बहिरेपण येतं आणि लसूण उकळलेलं मोहरीचं तेल घातलं की ती पुन्हा जिवंत होते. दोन, बाळाला ऐकू येतं का हे पाहायला टाळी किंवा थाळी पुरते, मशीनवरच्या तपासण्या पैसे काढायला असतात. तीन, घराण्यात कुणी बहिरं नसेल तर बाळ बहिरं असूच शकत नाही. चार, कानाचं मशीन लावलं की कान आळशी होतो आणि उरलंसुरलं ऐकणंही जातं. पाच, अचानक ऐकू येईनासं झालं तर तो वात असतो, पंधरा-वीस दिवसांत आपोआप जातो.

एरवी असले मेसेज मी न वाचताच काढून टाकते. या वेळी ते जमलं नाही. माझ्या आत्याने हा वाचला आणि आतेबहिणीला बाळाची बेरा तपासणी (आवाज मेंदूपर्यंत पोचतो का हे पाहणारी) पुढे ढकलायला लावली. जन्मानंतर केलेल्या ओएई, म्हणजे कानाच्या पहिल्या चाळणी चाचणीचा निकाल ‘रेफर’ (पुढे तपासा) आला होता, पुन्हा केली तेव्हाही तोच. आत्याने बाळाच्या डोक्यामागे स्टीलची थाळी वाजवली, बाळ दचकलं, आणि घरातल्या सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. म्हणून दुसऱ्या मुद्द्यापासूनच सुरुवात करते. या मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य तेच आहे.

ऐकू येणं म्हणजे ‘येतं’ किंवा ‘येत नाही’ एवढंच नसतं. कोणत्या पट्टीचा आवाज किती मोठा झाल्यावर ऐकू येतो, हा खरा प्रश्न आहे. आपलं साधं बोलणं साधारण ६० डेसिबलच्या आसपास असतं. कानामागे वाजवलेली थाळी त्याच्या कितीतरी वर जाते, आणि डेसिबलचं माप असं आहे की १० ने आकडा वाढला की आवाजाची तीव्रता दहापट होते. नवजात बाळ दचकतं तेच मुळी मोठ्या आवाजाला. तेव्हा थाळीने फार तर इतकंच कळलं की बाळाला थाळी ऐकू येते. त्याला आईचं बोलणं ऐकू येतं का, हे त्यातून कळत नाही.

यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. आतल्या कानात शंखासारखी गुंडाळलेली, द्रवाने भरलेली एक नळी असते, तिला कॉक्लिया म्हणतात. पडद्याची थरथर तीन इवल्या हाडांमधून या द्रवात उतरते आणि आतल्या केसपेशींना हलवते. एका कानात अशा साधारण पंधरा हजार पेशी असतात. त्यातल्या आतल्या रांगेतल्या पेशी मेंदूकडे संदेश पाठवतात, बाहेरच्या रांगांमधल्या पेशी हलका आवाज वाढवून देतात. बाहेरच्या पेशी बिघडल्या की हळू आवाज नाहीसे होतात, पण मोठा आवाज जवळजवळ पूर्वीइतकाच मोठा लागतो. घरातल्या आजोबांना ‘जरा मोठ्याने बोल’ म्हणताना आणि मोठ्याने बोललं की ‘ओरडतोस कशाला’ म्हणताना आपण ऐकलेलं आहे. दोन्ही वेळा ते खरंच सांगत असतात. बाळाच्या कानात हाच बिघाड असेल तर ते थाळीला इतर बाळांसारखंच दचकेल, आणि बोलण्याचा बराचसा भाग त्याच्यापर्यंत पोचणारच नाही.

दुसरी फसगत पट्टीची. स्वर खालच्या पट्टीत असतात आणि दमदार असतात. ‘स’, ‘श’, ‘थ’, ‘फ’ यांसारख्या व्यंजनांचा आवाज वरच्या पट्टीत आणि क्षीण. वरच्या पट्टीचं ऐकणं गेलेल्या मुलाला हाक मारली की ते वळतं, दार आपटलं की वळतं, पण ‘साप’, ‘ताप’ आणि ‘काप’ त्याला एकसारखे लागतात. मग ते उशिरा बोलतं, बोबडं बोलतं, आणि आपण म्हणतो, याचा बापही उशिराच बोलला होता. ‘हुंकार देतं ना, मग ऐकत असणार’ हेही चूक. पूर्ण बहिरी बाळंसुद्धा पहिले काही महिने हुंकार देतात. शिवाय टाळी वाजवताना हाताची सावली पडते, हवेचा झोत लागतो, पलंग हलतो, बाळ त्यालाही वळतं.

मेसेज ज्यांना पैसे काढायचे धंदे म्हणतो त्या तपासण्या काय करतात तेही सांगते. कानाने ऐकता ऐकता स्वतः बारीकसा प्रतिध्वनी बाहेर टाकलेला असतो, हे १९७८ साली डेव्हिड केम्प यांनी दाखवलं. ओएईमध्ये कानात छोटी प्रोब ठेवून तोच प्रतिध्वनी टिपतात. जन्मावेळचा ओलावा किंवा चिकट मळ कानात असला तरी ‘रेफर’ येतो. त्यामुळे ‘रेफर’ म्हणजे बहिरेपण नव्हे, आत्याचं घाबरणं मला कळतं. ‘रेफर’चा अर्थ पुढे तपासा, इतकाच. बेरामध्ये झोपलेल्या बाळाच्या कपाळावर आणि कानामागे इलेक्ट्रोड चिकटवून आवाजाचा संदेश नसेतून मेंदूच्या बुंध्यापर्यंत पोचतो का आणि किती डेसिबलला पोचतो, हे पाहतात. सुई नाही, दुखत नाही. जास्त कावीळ झालेल्या किंवा एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) राहिलेल्या बाळांची बेरा तर करायलाच हवी, कारण त्यांच्यात केसपेशी ठीक आणि बिघाड नसेच्या वाटेवर असं होऊ शकतं. अशा वेळी ओएई ‘पास’ येतो.

घाई कशासाठी, ते १९९८ सालच्या एका अभ्यासातून कळतं. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये क्रिस्टीन योशिनागा-इतानो आणि सहकाऱ्यांनी श्रवणदोष असलेल्या १५० मुलांची भाषा तपासली. ७२ जणांचा दोष सहा महिन्यांच्या आत कळला होता, ७८ जणांचा त्यानंतर. बुद्धीची वाढ सर्वसाधारण असलेल्या मुलांमध्ये लवकर कळलेल्यांची भाषा स्पष्टपणे पुढे होती. दोष सौम्य असो की तीव्र, घर गरीब असो की सुखवस्तू, मूल खुणांनी बोलत असो की तोंडाने, फरक कायम होता. जन्मानंतर पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार हा जगभर पाळला जाणारा नियम अशाच पुराव्यांवर उभा आहे. आतेबहिणीच्या बाळाचा तिसरा महिना चालू आहे, आणि आत्या म्हणते, ‘दिवाळी झाली की बघू.’

आता तेल. कानाचा पडदा शाबूत असेल तर तेल पडद्यापाशीच थांबतं. त्यामागे मधला कान, त्याच्याही आत हाडाच्या कोंदणात बंद असलेला कॉक्लिया. तिथे आधीच द्रव आहे, कोरडं पडण्यासारखं काही नाही. आणि माणसाच्या मेलेल्या केसपेशी पुन्हा उगवत नाहीत, कोणत्याही तेलाने नाही. पडद्याला भोक असेल, म्हणजे आपण कान फुटला किंवा कान वाहतो म्हणतो तसं असेल, तर तेच तेल थेट मधल्या कानात उतरतं आणि जंतूंना वाट करून देतं. भोक आहे की नाही हे घरी बसून कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कानाच्या निगेच्या सूचनांत गरम-थंड तेल आणि झाडपाल्याचे रस कानात घालू नका असं साफ सांगितलेलं आहे.

एवढं मात्र मान्य करावं लागेल की तेलाने मळ मऊ होतो. नुसत्या मळाने दडे बसलेल्या माणसाला तेलानंतर मळ निघाल्यावर ऐकू येऊ लागतं. ‘आमच्या काकांचं बहिरेपण तेलाने गेलं’ या गोष्टी तिथूनच येतात. काकांना बहिरेपण नव्हतं, मळ होता.

घराण्याचा मुद्दा दोन वाक्यांत संपतो. जन्मजात बहिरी असलेली दहातली नऊ मुलं ऐकू येणाऱ्या आईबापांच्याच पोटी येतात, कारण आनुवंशिक बहिरेपणाचा मोठा भाग असा असतो की दोष आई आणि बाप दोघांकडून आला तरच तो दिसतो. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आपल्याकडे अजून आहे, तिथे ही शक्यता वाढते. उरलेली कारणं जंतूंची आहेत (गरोदरपणातला रुबेला, बाळाला झालेला मेंदूज्वर), तीव्र काविळीची आहेत, जेंटामायसिनसारख्या औषधांची आहेत.

मशीनने कान आळशी होत नाही. मशीनची सवय झाली की ते काढल्यावरची शांतता जास्त जाणवते आणि माणसाला वाटतं की ऐकणं घटलं. वयाने होणारी घट मशीन असो नसो पुढे जातच असते. हो, ऑडिओमेट्री (कोणत्या पट्टीचा आवाज किती डेसिबलला ऐकू येतो ही तपासणी) न करता दुकानातून उचललेलं, सगळे आवाज सरसकट वाढवणारं यंत्र त्रास देऊ शकतं, आणि तपासणीआधीच महागडं मशीन गळ्यात मारणारेही आहेत. त्यावर उपाय म्हणजे आधी कानाच्या डॉक्टरांकडे जाणं.

अचानक ऐकू येईनासं झालं तर मात्र वाट पाहू नका. एका कानाचं ऐकणं तीन दिवसांच्या आत झपाट्याने गेलं असेल तर तो नसेचा मार असू शकतो. स्टिरॉइड सुरू करायचं तर जितक्या लवकर तितकं बरं, दोन आठवड्यांनंतर फायद्याची आशा बरीच कमी होते. काहींचं आपोआप सुधारतं, म्हणूनच हा समज टिकून आहे. साधा मळ आहे की नस गेली, हे डॉक्टर ५१२ हर्ट्झचा ट्युनिंग फोर्क कपाळावर टेकवून मिनिटभरात ताडू शकतात. मेसेज सांगतो तसे वीस दिवस थांबलात तर उपचाराची वेळच निघून गेलेली असेल.

पैशाची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयात आधी विचारा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून श्रवणदोषांचंच काम करते. बाळाला तीव्र दोष निघाला आणि मशीन पुरलं नाही, तर केंद्र सरकारच्या एडिप या दिव्यांगांना साधनं देणाऱ्या योजनेतून कॉक्लिअर इम्प्लांटला (शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायच्या यंत्राला) मदत मिळते. पण जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी तिथे पाच वर्षांपर्यंतच्या वयाची अट आहे, आणि त्याआधी तपासण्या, मशीन लावून पाहणं, अर्ज, प्रतीक्षायादी हे सगळं व्हावं लागतं. आत्या, बेराची तारीख याच आठवड्यात घे.