ऑक्सिमीटरवर 95 दिसलं म्हणजे काळजी मिटली?

व्हॉट्सॲपवर एक संदेश फिरतोय: ‘बोटाला ऑक्सिमीटर लावा, 95 च्या वर आकडा आला की निर्धास्त राहा. यंत्र नसेल तर मोबाईल ॲप चालेल. पेनवर आकडा आला तर यंत्र बनावट.’ तिन्ही गोष्टी दिशाभूल करणाऱ्या आहेत.

सगळ्यात घातक पहिली. यंत्र बोटातून लाल (सुमारे 660 नॅनोमीटर) आणि अवरक्त (इन्फ्रारेड, सुमारे 940) प्रकाश सोडतं आणि नाडीच्या ठोक्यागणिक दोन्ही किती शोषले जातात त्यावरून रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनपैकी किती टक्क्यांना ऑक्सिजन जोडलेला आहे, याचा अंदाज बांधतं. मुळात हिमोग्लोबिनच कमी असेल तर 98 दिसूनही शरीराला ऑक्सिजन अपुरा पडू शकतो. बंद खोलीत कोळशाच्या शेगडीचा कार्बन मोनॉक्साइड रक्तात गेला, तर यंत्राला तोही ऑक्सिजनच वाटतो. माणूस बेशुद्धीकडे झुकलेला असताना आकडा मात्र उत्तम! गडद त्वचेवर आकडा खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतो. म्हणून धाप लागली, ओठ निळसर पडले, बोलण्यात गोंधळ दिसला, तर आकडा काहीही असो, तडक रुग्णालय गाठा.

‘लावला की आकडा आला’ हेही चूक. आधी पाच मिनिटं शांत बसा. हात गार असतील तर चोळून गरम करा, नेलपॉलिश पुसा. मधलं बोट पूर्ण आत घाला, नख वर, हात छातीशी टेकवून स्थिर. सुरुवातीचे आकडे सोडून द्या. किमान मिनिटभर थांबून स्थिरावलेला आकडा लिहा. घाईत ‘पीआर’पुढचा 72 पाहून ऑक्सिजन घसरला म्हणून घाबरणारे बरेच असतात, ती नाडी आहे. तीच नाडी मनगटावर मोजून पाहा. ताळमेळ नसेल तर ऑक्सिजनच्या आकड्यावरही भरवसा नको.

एरवी निरोगी माणसाचा आकडा पुन्हा मोजूनही 93-94 राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. 92 किंवा खाली असेल तर थांबू नका. सीओपीडीच्या (फुप्फुसांच्या दीर्घकालीन आजाराच्या) काही रुग्णांसाठी डॉक्टर 88 ते 92 ही मर्यादा ठरवतात, त्यांनी तीच पाळावी.

बहुतेक मोबाईलच्या फ्लॅशमध्ये अवरक्त प्रकाश नसतोच. नुसत्या ॲपवर जीव सोपवू नका.

आणि पेन? हालचाल, आजूबाजूचा प्रकाश यांच्या चढउताराला ठोके समजून चांगलं यंत्रही कधी आकडा दाखवतं. त्यापेक्षा नाडीची लहर दाखवणारं यंत्र घ्या. लहर वेडीवाकडी असेल तर तो आकडा वहीत लिहू नका.