लॉन पिवळं झालंय, बाबा कामावर आहेत

मे महिना लागला की कॅनडात, मिसिसागातल्या आमच्या लॉनचा हळदीचा कार्यक्रम सुरू होतो. बघावं तिकडे डँडेलायन, म्हणजे पिवळ्या फुलांचं तण. शेजारच्या आजोबांचं लॉन हिरवंगार, आणि ते आमच्या पिवळ्याकडे असं बघतात की जणू आम्हीच बी पेरलंय! तसं त्यांचं बरोबरच आहे म्हणा, त्याच्या बियांच्या म्हाताऱ्या उडायला लागल्या की वारा काही हद्दीचा दगड बघत नाही.

यंदा सांगलीहून आईबाबा आलेत. बाबांचा जन्म उसात गेला. म्हणाले, "अरे टू-फोर-डी तणनाशक मार की, दोन दिवसात खलास!" मी म्हटलं बाबा, आपल्या या ऑन्टारियो प्रांतात 2009 पासून घरच्या लॉनवर ते मारायला बंदी आहे. मग चालतं काय? तर लोहाचं औषध मिळतं, पानं काळी पडतात. "लोह? म्हणजे टॉनिक देतोस होय त्याला!" आणि खरंच, पानं काळी पडली, काही आठवड्यांनी मुळातून परत हिरवे कोंब हजर, वर आजूबाजूचं गवत मात्र छान गडद झालेलं.

मग बाबांनी खुरपं मागितलं. पाऊस पडून गेल्यावर माती मऊ असते तेव्हाच बसायचं, कारण हे मूळ मुळ्यासारखं सरळ खाली जातं आणि मध्येच तुटलं की उरलेल्या तुकड्यातून परत फुटतं. त्यात उपटलेलं फूल तिथंच टाकलं तर तेही पडल्यापडल्या बी धरतं, परागीभवनाचीसुद्धा गरज नाही, आता बोला. बाबांना प्रश्न एकच, "जन्मभर गवत उपटून पीक राखलं, इथं गवतच पीक?" उत्तर नाही माझ्याकडे.

आईचं वेगळंच. तिनं कोवळी पानं खुडली (औषध न मारलेल्या मागच्या कोपऱ्यातली, हे मी तीनतीनदा विचारून घेतलं), मुगाची डाळ आणि लसूण घालून भाजी केली. मेथीपेक्षा कडू. मुलांनी पिझ्झा मागवला.

आता शेजारचे आजोबा रोज सकाळी बाबांना बोलवायला येतात. त्यांना मराठी येत नाही, यांना इंग्रजी येत नाही, पण शिव्या तणाला घालायच्या असल्यामुळे काही अडत नाही. परवा समोरच्या आजीबाईंचं लॉनही झालं. आमचा नंबर कधी विचारलं तर बाबा म्हणतात, बघू, पुढच्या आठवड्यात.