'इकडून' म्हणजे कोण? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

(तुम्ही तीस वर्षं मराठी शिकवलंत असं लिहिलंय, म्हणून सरच म्हणते.)

ह. ना. आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो!' ही कादंबरी मी अकरावीत कशी वाचून घेते, त्या पोस्टवर तुमचे दोन आक्षेप आहेत. त्या काळच्या घराला आजचा चष्मा लावणं हा अन्याय आहे, हा एक. आणि मी मुलांना कादंबरी वाचायला नव्हे, आरोपपत्र लिहायला शिकवते, हा दुसरा.

पहिला मला पटत नाही. चष्मा त्याच काळातला आहे. हरिभाऊंची ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः येऊ लागली. त्याच वर्षी मुंबईत नाभिकांनी सभा घेऊन विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही असं ठरवलं. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला, मुलीशी शरीरसंबंधाला मान्य वय दहाचं बारा झालं, आणि तेवढ्यावरून पुण्यात काय रान पेटलं ते तुम्हाला मी सांगायला नको. कादंबरीतल्या विधवा यमूचं केशवपन वाचणाऱ्यांना हा वाद रोज कानावर पडत होता.

दुसरा आक्षेप मात्र निम्मा खरा आहे. पूर्वी मी 'स्त्रीचे दुय्यम स्थान : पाच मुद्दे' असं चक्क फळ्यावर लिहून द्यायचे. मुलं पाचही मुद्दे पाठ करायची, कादंबरी कोणीच वाचायचं नाही. आता एवढंच विचारते, की कोण कोणाला काय म्हणून हाक मारतं? त्या काळी बायका नवऱ्याला 'इकडून' म्हणायच्या, हे सांगितल्यावर कोपरखैरण्याची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, म्हणजे माणसाऐवजी दिशाच!" तास तिथेच रंगला. मग घरी जेवताना कोण कोणाला 'अहो' म्हणतं आणि कोणाला 'ए', ते वहीत उतरवून आणायला सांगितलं. बहुतेकांचं सारखंच निघालं: 'अहो बाबा' आणि 'ए आई'.

घणसोली गावातला एक आगरी मुलगा मात्र शेवटच्या बाकावरून म्हणाला, "आमचे घरान सगले एकमेकाला 'तू'च बोलतान." झालं, माझा अख्खा सिद्धांत आडवा! 'अहो' ही फक्त बाई-पुरुषाची गोष्ट नाही, ती जातीची आणि पांढरपेशा घराचीही आहे, हे त्या दिवशी वर्गाआधी मला कळलं. त्याच्या आईला निर्णय घेताना विचारतात का, हे मी मग विचारलं. तो बराच वेळ गप्प होता.

आरोपपत्राचं म्हणाल, तर ते लिहायला ही कादंबरीच देत नाही. यमूच्या सासरच्या शंकरमामंजींवर मुलं तुटून पडतात हे खरं. पण यमूला लिहायला-वाचायला उत्तेजन देणारा नवरा पुरुषच, तिच्या बाजूने उभा राहणारा दादाही पुरुषच. आणि यमूच्या तोंडून बोलणारा लेखक? तोही पुरुष. यावर दोन तास भांडण झालं, निकाल लागला नाही. मी लावलाही नाही.

एक विचारू? राग मानू नका. तुमच्या आजी सोवळ्या, म्हणजे केशवपन झालेल्या विधवा होत्या आणि कधी कुरकुरल्या नाहीत, असं तुम्ही लिहिलंत. त्यांना नावाने हाक मारणारं घरात कोण उरलं होतं, सर?