रबरी टायरच्या भरवशावर तारेखाली ट्रॉली लावू नका

गळीत हंगाम सुरू झाला की हा मेसेज फिरायला लागतो : "ट्रॅक्टरला रबरी टायर असतात, तारेला लागला तरी शॉक बसत नाही. तार पडलीच तर लगेच उतरून पळा. कोरड्या बांबूने तार बाजूला सारा. लाईट गेली असेल तर भीती नाही." चारही वाक्यं चुकीची आहेत, आणि दुसरं तर थेट जीव घेणारं.

आधी टायर. त्यातल्या रबरात काजळी मिसळलेली असते, वर ओला चिखल असतो. 11 हजार व्होल्टपुढे ते टिकत नाही. टायर पेटतात, फुटतात. ड्रायव्हर वाचतो तो वेगळ्या कारणाने. तारेवर बसलेल्या पाखरासारखा तो आणि ट्रॅक्टर एकाच दाबावर, म्हणजे एकाच व्होल्टेजवर असतात. खाली उभ्या मजुराने ट्रॉलीला हात लावला, की करंट त्याच्यातून जमिनीत जातो.

म्हणूनच उतरणं घातक. एक पाय जमिनीवर आणि हात मडगार्डवर, एवढंच पुरतं. तार अडकली नसेल तर ट्रॅक्टर सावकाश बाहेर काढा, नाहीतर बसून राहा आणि ओरडून सगळ्यांना लांब ठेवा. आग लागली तरच, ट्रॅक्टरला हात न लावता, दोन्ही पाय जुळवून उडी मारा आणि तशाच छोट्या उड्या मारत किमान 10 मीटर लांब जा. ढांगा टाकू नका. तारेजवळच्या जमिनीत दर पावलागणिक व्होल्टेज बदलतं. पुढचे-मागचे पाय एकमेकांपासून लांब असल्यामुळे बैल आधी कोसळतो तो याचमुळे.

बांबू दवाने ओला असतो, आणि कोरडा असला तरी या दाबाला पुरत नाही.

लाईट गेली म्हणजे लाईन ट्रिप, म्हणजे आपोआप बंद, झाली असेल. उपकेंद्रातून ती पुन्हा चालू करून पाहतात, म्हणून तारेत कधीही करंट येऊ शकतो.

खरा प्रश्न तार लागतेच का, हा आहे. नियमाप्रमाणे शेतावरची 11 हजारांची उघडी तार जमिनीपासून किमान 4.6 मीटर, म्हणजे साधारण 15 फूट हवी. भरल्या ट्रॉलीवर मोळ्या रचायला माणूस उभा राहिला की त्याचं डोकं तिथपर्यंत पोचतं. त्यात उन्हाने तार लोंबते, पोल कलतो. मुकादमांनो, फड तोडायच्या आधी वर बघा आणि ट्रॉली तारेपासून लांब भरा. झोळ दिसला तर वीज तक्रारीच्या 1912 नंबरवर कळवा. तार पडली असेल, तर वायरमन येऊन लाईन बंद केल्याचं स्वतः सांगेपर्यंत कुणालाही जवळ जाऊ देऊ नका.