तक्रारी वाढल्या म्हणजे घरं फुटली?

रविवारी सकाळी साडेसातला आईचा फोन. एरवी ती संध्याकाळी दिवेलागणीनंतर करते, म्हणून मी जरा घाबरूनच उचलला. तर पहिलं वाक्य, "काय गं, चिनू तिकडे घरं फोडायचं काम करते का?"

चिनू माझी भाची. इथूनच, आपल्या बडोद्यातूनच शिकली आणि आता एका संस्थेतर्फे छोटा उदेपूरच्या गावांत फिरते. बायकांसाठी म्हणून बाहेरच्या पैशातून जी कामं गावात चालतात, त्यांनी खरंच काही बदललं का, हे तपासायचं. ऑफिसात त्याला 'एम अँड ई', म्हणजे मॉनिटरिंग अँड इव्हॅल्युएशन, म्हणतात. आईला मी 'तपासनीस आहे' असं सांगून ठेवलं होतं आणि आईचं त्यावर भागत होतं. पण शनिवारी रात्री मामांनी कुटुंबाच्या ग्रुपवर 'समानतेचा धंदा' नावाचा लांबलचक मेसेज टाकला, खाली हात जोडलेली चित्रं आणि 'किमान वीस ग्रुपमध्ये पाठवा'. तोच मेसेज, त्याच शुद्धलेखनाच्या चुकांसकट, मला त्याआधी भिशीच्या ग्रुपवर आला होता आणि नंतर सोसायटीच्याही. तोवर मी गप्प होते. आईनं विचारल्यावर मात्र राहवेना.

मेसेजात सात मुद्दे आहेत. मी चौथ्यापासून सुरू करते, कारण आईला झोप लागली नाही ती त्याच्यामुळे.

चौथा मुद्दा असा: 'जिथे जिथे यांचे प्रकल्प जातात तिथे नवऱ्यांविरुद्धच्या तक्रारी वाढतात. पोलिसांचे आकडे बघा. सुखी संसार मोडणे हेच यांचे टार्गेट.'

आकडे बघा म्हणता ना? बघूया. लक्ष्मी अय्यर, अनंदी मणी, प्राची मिश्रा आणि पेटिया टोपालोवा या चौघींनी नेमके हेच आकडे बघितले. त्यांचा अभ्यास 2012 साली अमेरिकन इकॉनॉमिक जर्नलमध्ये आला. त्यांनी घेतला तो आपला पंचायत कायदा. 73 वी घटनादुरुस्ती 1993 मध्ये लागू झाली आणि पंचायतींत एक तृतीयांश जागा बायकांना मिळाल्या, पण सगळ्या राज्यांत एकाच वर्षी नाही. कुठे आधी निवडणुका झाल्या, कुठे बऱ्याच उशिरा. त्यामुळे 'आरक्षणाआधी' आणि 'आरक्षणानंतर' अशी तुलना राज्याराज्यांत करता आली. निघालं काय? बायकांवरच्या गुन्ह्यांची नोंद सुमारे 46 टक्क्यांनी वाढली.

मामा इथेच थांबले असते आणि म्हणाले असते, "बघ, मी काय सांगत होतो?" त्या चौघी थांबल्या नाहीत. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला: गावातली गुन्हेगारीच वाढली असेल, तर बाकीचे गुन्हेही वाढायला हवेत. वाढले का? नाही. पुरुषांवरच्या गुन्ह्यांत वाढ नाही, बाई-पुरुष दोघांवरही होऊ शकतात अशा गुन्ह्यांत वाढ नाही. मग त्यांनी बायका तक्रार द्यायला पुढे येतात का आणि पोलिस ती घेतात का, हे तपासलं. दोन्ही वाढलेलं दिसलं. म्हणजे वाढ मुख्यतः नोंदणीची, मारहाणीची नव्हे. मार पूर्वीही होता, वहीत नव्हता. अभ्यासाचा सारांश या वाढीला चक्क चांगली बातमी म्हणतो.

याच्या जोडीला तिसऱ्या कुणाचा नाही, सरकारचा आकडा ठेवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019-21 मध्ये, ज्या बायकांनी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं, त्यांतल्या फक्त 14 टक्के कुणाकडे तरी मदत मागायला गेल्या होत्या. 77 टक्क्यांनी मदतही मागितली नव्हती आणि कुणाला सांगितलंही नव्हतं. शंभरातल्या सत्त्याहत्तर! आता समजा या सत्त्याहत्तरांपैकी पाचजणींनी धीर करून 181 अभयमला, म्हणजे गुजरातच्या महिला हेल्पलाइनला, फोन लावला. मेसेज लिहिणाऱ्याच्या हिशोबात त्या दिवशी पाच संसार मोडले. आदल्या दिवशीपर्यंत ते सुखी होते!

मला या मुद्द्याचा राग येतो तो अज्ञानासाठी नाही, परिणामासाठी येतो. उद्या खरंच कुणी वरच्या साहेबानं 'तक्रारी कमी झाल्या पाहिजेत' हाच निकष लावला, तर गावातल्या कार्यकर्तीला सगळ्यात सोपा मार्ग कोणता? तक्रार घेऊन आलेल्या बाईला समजावून घरी परत पाठवणं. आकडा लगेच खाली, अहवाल हिरवा. म्हणूनच या कामात जरा मुरलेली माणसं पोलिसातली नोंद आणि घरोघरी विचारून काढलेलं प्रमाण या दोन गोष्टी कधी एकत्र करत नाहीत. पहिला आकडा वर जात असताना दुसरा स्थिर किंवा खाली असू शकतो, आणि तसं दिसलं तर ते हवंच असतं.

आणि विचारायचं तरी कसं, याचेही नियम आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनं 2001 मध्येच हिंसेबद्दल विचारण्याची नीती घालून दिली आहे: बाई एकटी असेल तरच विचारायचं, घरातून एकाच बाईला विचारायचं, मध्येच कुणी आलं तर विषय बदलायचा. चिनूची वही मी पाहिली आहे. त्यात पहिल्या पानावर साधे प्रश्न आहेत, रेशन किती मिळतं, पाणी कुठून आणता. सासू दारात आली की ती त्या पानावर उडी मारते आणि पुन्हा गहू-तांदळावर येते. घर फोडायला निघालेली माणसं इतकी काळजी घेतात?

आईला हे सगळं फोनवर सांगितलं. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "आमच्या सुमाचं कुणी विचारलंच नाही कधी." सुमामावशीचं नाव आमच्याकडे कुणी घेत नाही, म्हणून मीही पुढे काही बोलले नाही.

बाकीचे मुद्दे आता भराभर.

'अब्जावधी डॉलर ओतले, फरक शून्य.' ओतले? श्रीमंत देशांची जी संघटना मदतीचा हिशोब ठेवते, ओईसीडी, तिच्याकडे प्रत्येक प्रकल्पाला एक खूण करतात: 2 म्हणजे समानता हाच मुख्य हेतू, 1 म्हणजे बऱ्याच हेतूंपैकी एक, 0 म्हणजे संबंध नाही. 2020-21 मध्ये ज्या द्विपक्षीय, म्हणजे एका देशानं दुसऱ्याला थेट दिलेल्या, मदतीला ही खूण लागू होते, तिच्यातली 1 आणि 2 मिळून 44 टक्के. नुसती 2 म्हणाल, तर 4 टक्के. निम्म्याहून जास्त पैशाचा बायकांच्या समानतेशी काडीचा संबंध नाही, हे देणारेच सांगतात. शिवाय ही खूण मदत देणारा देश स्वतःच करतो आणि ती हेतूवर असते, निष्पत्तीवर नाही. यावर खुशाल टीका करा, मीही करते. पण मग नीट करा.

'समानता ही मनाची गोष्ट, ती मोजता येत नाही. विचारणाऱ्याला आवडेल तेच लोक सांगतात.' यातलं दुसरं अर्धं वाक्य खरं आहे, आणि ते मेसेजवाल्याच्या आधी अभ्यास करणाऱ्यांना सुचलेलं आहे. हरियाणात 314 सरकारी शाळा अभ्यासाला घेतल्या आणि त्यांतल्या 150 शाळांत सातवी-आठवीच्या मुलामुलींसोबत ब्रेकथ्रू या संस्थेनं अडीच वर्षं वर्ग घेतले: घरकाम कुणाचं, बहिणीनं किती शिकायचं, असे विषय. कोणत्या शाळांत वर्ग घ्यायचे हे चिठ्ठी काढावी तसं ठरवलं होतं, उरलेल्या शाळा तुलनेसाठी. सुरुवातीलाच प्रत्येक मुलाची एक वेगळी चाचणी घेतली: हा दुसऱ्याला बरं वाटावं म्हणून किती उत्तरं देतो? शेवटी दिसलं की जुनाट मतांपैकी 16 टक्के बदलली. नुसती गोडगोड बोलणारी मुलं वेगळी काढून पाहिली तरी निष्कर्ष तोच. वर्ग संपल्यावर दोन वर्षांनी पुन्हा विचारलं, तरीही टिकलेलं. मुलगे घरात थोडं जास्त काम करायला लागल्याचंही सांगत होते.

घरकाम तर मिनिटांत मोजतात, मनात शिरायची गरजच नाही. 1998-99 मध्ये सहा राज्यांत वेळेच्या वापराची पाहणी झाली, त्यात आपला गुजरात होता. 2019 मध्ये ती देशभर झाली. दिवसभरात घरकाम केलं असं सांगणाऱ्या बायका 81 टक्के, पुरुष 26 टक्के. आणि ज्यांनी केलं त्यांची सरासरी? बायकांची 299 मिनिटं, पुरुषांची 97. मामांचा चहा 299 मध्ये धरलेला आहे.

'यांचे अहवाल नेहमी यशस्वीच असतात.' वरच्याच हरियाणाच्या अभ्यासात लिहिलंय की मुलींच्या स्वतःच्या आकांक्षांवर वर्गांचा परिणाम दिसला नाही. हैदराबादच्या वस्त्यांत लघुकर्जाचा अभ्यास झाला, तेव्हा जगभर 'कर्ज दिलं की बाई सक्षम' अशी हवा होती. अभ्यास करणाऱ्यांना घरातल्या निर्णयांत बायकांचं वजन वाढलेलं दिसलं नाही आणि त्यांनी तसंच छापलं. छापील गुळगुळीत अहवाल असतात, मी नाही म्हणत नाही. ते ओळखायचे कसे, तर त्यांत 'झालं नाही' हे वाक्य एकदाही सापडत नाही.

'भारताला मुद्दाम 131 वा क्रमांक देतात.' 2025 च्या जागतिक लिंगभेद निर्देशांकात भारत 148 देशांत 131 वा, हे बरोबर. पण हा निर्देशांक बायकांची स्थिती किती चांगली हे मोजतच नाही, तो फक्त बाई आणि पुरुष यांच्यातलं अंतर मोजतो. गरीब देशात दोघांकडेही कमी असेल तर अंतर कमी दिसतं आणि तो देश वर जातो. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा वेगळा निर्देशांक आहे, त्यात माता-मृत्यू वगैरे धरतात. 2025 च्या अहवालात तिथे भारत 172 मध्ये 102 वा. तेव्हा या क्रमांकांवर फार नाचू नये आणि फार रडूही नये, इतकं मी मेसेजवाल्याला देऊन टाकते. छोटा उदेपूरच्या एखाद्या सखी मंडळाचं, म्हणजे बायकांच्या बचत गटाचं, काम जमलं की नाही, हे त्यातून कळायचा प्रश्नच येत नाही.

'आपल्याकडे नारी पूजनीय, समानता ही बाहेरून आलेली कल्पना.' हे बडोद्यात बसून पाठवायचं म्हणजे कमाल आहे. 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात 'ऑल मेन' असं होतं. ते बदलून 'ऑल ह्यूमन बीइंग्ज' करायला लावलं हंसाबेन मेहतांनी. त्यांचे वडील मनुभाई बडोद्याचे दिवाण. आणि हंसाबेन 1949 मध्ये आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू झाल्या. मामांच्या बी.कॉम.च्या सर्टिफिकेटावर त्याच विद्यापीठाचा शिक्का आहे. बाहेरून काय आलं आणि इथून काय गेलं, हे एकदा त्यांनीच ठरवावं.

राहिला तिसरा मुद्दा: 'हे लोक फक्त बैठकीला किती बायका बसल्या ते मोजतात.'

इथे माझी जीभ जरा अडते. लग्नाआधी दोन वर्षं मीही असं सर्वेक्षणाचं काम केलंय. एका प्रशिक्षणाला हजेरीपटावर चाळीस बायकांच्या सह्या आणि अंगठे होते. त्या चाळीसजणी मागच्या सतरंजीवर बसल्या होत्या, पुढे खुर्च्यांवर त्यांचे नवरे आणि सरपंच. दोन तासांत एकही बाई बोलली नाही. चहाच्या वेळी उठल्या त्या चहा द्यायला. अहवालात गेलं, 'चाळीस महिलांचा सक्रिय सहभाग'. ते वाक्य मीच लिहिलं होतं, वरून सांगितलं तसं. डोकी मोजणं सोपं असतं, फोटो निघतो, आणि पैसे देणाऱ्याला तिमाही संपायच्या आत आकडा हवा असतो. तीस वर्षांत ते पुरतं गेलेलं नाही.

पण हे खोटं आहे हे कळतं कशामुळे? दुसऱ्या कुणीतरी नीट मोजल्यामुळेच ना? डोकी मोजणं कमी पडतं म्हणून मोजणंच बंद करा, हा कुठला न्याय? वजनकाटा चुकीचा निघाला तर आपण मंगळबाजारात दुसऱ्या दुकानात जातो, अंदाजानं साखर आणत नाही.

मेसेज आल्यावर चिनूला मी विचारलं, तू काय मोजतेस? ती तेव्हा बोडेलीहून येणाऱ्या एसटीत होती, आवाज तुटत होता. म्हणाली, "मावशी, काल ग्रामसभेत बावीस बायका होत्या. बोलल्या तीन. त्यातल्या एकीला मध्येच गप्प केलं. एकीनं हातपंपाचं सांगितलं, ते ठरावात आलं, पण नाव लागलं उपसरपंचाचं."

मी म्हटलं, हे सगळं फॉर्ममध्ये भरतेस?

"फॉर्ममध्ये बावीसला रकाना आहे," ती म्हणाली. "बाकीचं मागच्या कोऱ्या बाजूला लिहिते."