पाटी नानांची, भोंगा परळचा

इथे इंग्लंडमध्ये यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाला 27 सप्टेंबर 2025 रोजी 50 वर्षं झाली. त्याच सुमारास आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मुंबई सेंट्रलच्या नावावरून जुंपली होती. स्टेशनाला नाना शंकरशेटांचं नाव द्यायचं, असं राज्य मंत्रिमंडळानं मार्च 2024 मध्येच ठरवलं होतं. काकांचा सवाल, पाटी कधी लागणार? चुलतभावाचं म्हणणं, आधी गर्दीचं बघा. मी इथून अंगठा कुणाला द्यायचा, ते न कळून गप्प बसलो.

माझ्यापुरतं सांगतो, नानांचं नाव लागायलाच हवं. जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या उभारणीत ते होते. 16 एप्रिल 1853ला बोरीबंदरहून ठाण्याला 14 डबे आणि 400 पाहुणे घेऊन गाडी निघाली, तिच्यामागे अशा माणसांची खटपट होती. पण पाटी लागली की आपला इतिहास संपतो. बोरीबंदर, व्हीटी, सीएसटी, सीएसएमटी हा प्रवास सगळ्यांना पाठ. त्या स्टेशनातून सुटणाऱ्या इंजिनांचे बॉयलर कोण दुरुस्त करायचं, हे कुणी विचारत नाही.

अण्णा, म्हणजे माझे वडील, परळच्या वर्कशॉपात 31 वर्षं फिटर होते. माथेरानच्या छोट्या इंजिनांचं कामही तिथंच व्हायचं. 2014मध्ये ते माझ्याकडे आले, तेव्हा त्यांना इथल्या संग्रहालयात घेऊन गेलो. फुकट प्रवेश म्हटल्यावर आधी संशय, मग आनंद! ज्या मोठ्या हॉलमध्ये आम्ही उभे होतो, ती जुनी इंजिन शेडच. मधोमध इंजिन वळवायचा फिरता चबुतरा अजून आहे. ताशी 126 मैलांचा विक्रम केलेल्या मॅलर्ड इंजिनापाशी अण्णा पाच मिनिटंही थांबले नाहीत. जपानी बुलेट ट्रेनच्या डब्यात बसून फोटो काढला, तोही माझ्या आग्रहाखातर.

थांबले ते एलरमन लाइन्सपाशी. हे वाफेचं इंजिन उभं कापून ठेवलंय, पोटातल्या नळ्या दिसाव्यात म्हणून. तिथल्या स्वयंसेवक आजोबांना अण्णा मराठीत समजावू लागले, कुठली नळी आधी गळते ते. आजोबा यॉर्कच्या रेल्वेडब्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. मी दुभाषा म्हणून पुढे सरसावलो, तर दोघांनी मला हातानंच बाजूला केलं.

आता पन्नाशीच्या निमित्तानं तिथं कर्मचाऱ्यांच्या आठवणी निघाल्या, लोकांसाठी कार्यक्रम झाले. मला ते आवडलं. अगदी भारावून जावं असंही काही नाही. आजोबांचा कारखाना 1996मध्ये बंद पडला. तिथल्या ॲस्बेस्टॉसच्या धुळीनं कितीतरी कामगार पुढे आजारी पडून गेले. वाढदिवसाला लोक गोड तेवढंच आठवतात, मग ते यॉर्क असो की लालबाग. आणि खरं सांगायचं तर परळचं वर्कशॉप अजून चालू आहे. जिथं अजून भोंगा वाजतो, तिथं म्युझियम कशाला, असं काका म्हणतील. त्यात तथ्य आहे.

तरी वाटतं, नानांच्या पाटीसाठी जेवढा जोर लावतो, त्याच्या चौथाईनं परळ, माटुंगा, कुर्डुवाडीच्या निवृत्तांपाशी जाऊन बसता येईल. कुणाकडे ड्युटीचा पास असेल, कुणाकडे स्वतः घडवलेला पाना. बऱ्याच जणांकडे फक्त बोलणं असेल, आणि ते ऐकायची घाई आहे.

ग्रुपवर मी हे लिहिलं. काकांनी हात जोडल्याची चिन्हं पाठवली, आणि लगेच पुन्हा पाटी.

माझ्याकडे अण्णांचं चार मिनिटांचं रेकॉर्डिंग आहे, त्याच दिवशी घरी परतल्यावर मोबाइलवर केलेलं. इंजिनाबद्दल ते नुकते रंगात आलेत, इतक्यात आई म्हणते, "अहो, चहा निवतोय." अण्णा म्हणतात, "बंद कर रे ते, उद्या सांगतो."